निवृत्त रुग्णवाहिकेचा दुसरा संसार

जळगाव, धुळे, भुसावळ, चोपडा अशा गावांतून सामाजिक संस्थांच्या रुग्णवाहिका वर्षानुवर्षे धावत असतात. पुढे नवी गाडी येते आणि जुनी एखाद्या पटांगणात उन्हापावसात उभी राहते. टायर बसतात, बॅटरी मरते, शेवटी भंगाराच्या भावाने व्यवहार होतो. अशी गाडी घेऊन तिचे फिरते घर करावे आणि त्यात हौशी रेडिओचे, म्हणजेच हॅम रेडिओचे, केंद्र उभारावे, हा विचार एखाद्या घरातील तरुणाने मांडला तर वडीलधाऱ्यांनी तो हसण्यावारी नेऊ नये. मात्र या कामाचा पाया सुतारकामात नाही. तो कागदपत्रांत आणि त्याहून अधिक सचोटीत आहे.

गाडी म्हणून रुग्णवाहिका या कामाला सोयीची असते. छत उंच, जमीन धुण्याजोगी, चालकामागे आडभिंत. आत दिवे, पंखा आणि वीजजोडणीची ठिकाणे बहुधा आधीच असतात. सूर्यास्तापूर्वी घरचे जेवण व्हावे असा नेम असलेल्या कुटुंबाला मांगीतुंगी किंवा तोरणमाळच्या वाटेवर स्वतःचे स्वयंपाकघर सोबत असणे किती सुखाचे, हे सांगायला नको. गाडी ताब्यात आल्यावर ती निर्जंतुक करावी, ऑक्सिजनचे सिलिंडर पुरवठादाराकडे परत करावेत आणि त्यांची नळजोडणी जाणत्या कारागिराकडून काढून घ्यावी.

पहिला प्रश्न मालकीचा. गाडी सरकारी वा निमसरकारी असेल आणि तिला १५ वर्षे झाली असतील, तर तो विचारच सोडावा. १ एप्रिल २०२३ पासून अशा वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. ती अधिकृत भंगार केंद्रातच जातात. गाडी संस्थेची असेल तर विश्वस्त मंडळाचा ठराव, त्रयस्थाकडून मूल्यांकन आणि खुली बोली या तीन गोष्टी हव्यातच. दात्यांच्या पैशातून आलेली गाडी एखाद्या विश्वस्ताच्या घरी कमी किमतीत गेली, तर आयकर कायद्याप्रमाणे संस्थेची करसवलत धोक्यात येते. समाजात होणारी कुजबुज ती वेगळीच. नोंदणी पुस्तकावर बँकेचा बोजा असल्यास कर्ज फिटल्याचे पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये.

दुसरा प्रश्न बदलाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे तत्त्व अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद झाली. कायद्याच्या वर्गवारीत रुग्णवाहिका हे परिवहन वाहन, तर खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हे बिगरपरिवहन वाहन. म्हणजे नुसता रंग बदलून भागत नाही, वाहनाचा वर्गच बदलावा लागतो. आसने व टेबल, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवण्याची जागा या चार गोष्टी फिरत्या घराच्या व्याख्येत अपेक्षित आहेत. म्हणून आधी आराखडा घेऊन परिवहन कार्यालयात जावे, लेखी मंजुरी घ्यावी आणि मगच करवत चालवावी. मंजुरी मिळत नसेल तर गाडी घेऊच नये. बदल विमा कंपनीलाही कळवावा. न कळवलेल्या बदलावर दावा अडकतो. आणि घरच्या सहलीची गाडी पेढीच्या वहीत घालून तिचा घसारा व डिझेल धंद्याच्या नावे टाकण्याचा मोह टाळावा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गाडीवरचा दिवा, भोंगा आणि ‘रुग्णवाहिका’ ही अक्षरे पहिल्याच दिवशी उतरली पाहिजेत. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे दिवेसुद्धा गेले. ते उरले केवळ आपत्कालीन सेवांसाठी. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास १०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. पण लोक बाजूला होतात ते दंडाच्या भीतीने नव्हे, आत कुणाचा तरी जीव आहे या विश्वासाने. ही भोंग्याची पत आहे आणि ती सर्वांच्या मालकीची आहे. गर्दीतून लवकर सुटण्यासाठी सहलीच्या गाडीने ती एकदा जरी वापरली, तरी पुढच्या खऱ्या रुग्णाच्या वाटेतली चार वाहने जागची हलणार नाहीत.

आता रेडिओ. हौशी रेडिओचा परवाना केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग परीक्षा घेऊन देतो. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या कोणाही भारतीयाला परीक्षेस बसता येते. मर्यादित श्रेणीसाठी तांत्रिक माहिती व नियम पुरतात. सर्वसाधारण श्रेणीसाठी मोर्स लिपीही यावी लागते. उत्तीर्ण झालेल्यास ‘व्हीयू’ने सुरू होणारी स्वतंत्र संकेतखूण मिळते, राजीव गांधी यांची व्हीयू२आरजी ही होती. फिरत्या वाहनातून केंद्र चालवण्याची मुभा आपल्या परवान्यात आहे ना, हे तपासून घ्यावे. व्यापारी कुटुंबांनी एक नियम विशेष ध्यानात ठेवावा: या यंत्रावरून धंद्याचे बोलणे पूर्ण वर्ज्य आहे. कापसाचा भाव, केळीची गाडी, सोन्याचा दर यांतले काहीही नाही.

यंत्र चालते बॅटरीवर आणि बॅटरीचाही जमाखर्च असतो. इंजिन सुरू करणारी बॅटरी वेगळी आणि घराची वेगळी ठेवावी. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीतून निम्मेच, म्हणजे ५०, खर्च करावेत. १०० वॉटचे यंत्र ऐकताना सुमारे १ आणि पूर्ण शक्तीने बोलताना सुमारे २० अँपिअर घेते. दिवसात दहा तास ऐकले तर १०, एकूण एक तास बोलले तर २०, रात्री आठ तास पंखा १६, दिवे ४: बेरीज ५०. शिल्लक शून्य. छतावर २०० वॉटचे सौर तावदान असेल तर खानदेशच्या उन्हात ही तूट बहुतेक दिवशी भरून निघते.

एरियलसाठी मोठा मनोरा लागत नाही. हातातला छोटा संच नजरेच्या रेषेत चालतो. सातपुड्याची एक सोंड आडवी आली की तो मुका होतो. पण ७ मेगाहर्ट्‌झवर, दोन झाडांमध्ये बांधलेल्या सुमारे २० मीटर तारेतून निघालेल्या लहरी वर जाऊन वातावरणाच्या विद्युतभारित थरावरून परततात आणि डोंगरापलीकडे उतरतात. जळगाव-धुळे हे नव्वदेक किलोमीटर अंतर दिवसा या रीतीने सहज कापता येते. मध्ये मोबाइलचा एकही मनोरा लागत नाही.

याचे मोल केव्हा कळते? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर जमीनदोस्त झाला, तेव्हा निरोप पोचवण्याच्या कामी हौशी रेडिओवाले धावून आले. २६ डिसेंबर २००४ रोजी अंदमानात त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरमध्येच होते. ते आले होते हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी. दूरध्वनी बंद पडले आणि त्याच यंत्रांवरून बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोचू लागली. यंत्र हाताशी होते, बॅटरी भरलेली होती आणि चालवणाऱ्याला सराव होता; मदत झाली ती या तिन्हीमुळे.

तापीला पूर येतो, वादळात तारा तुटतात, सातपुड्याच्या कुशीतल्या वाटांवर मोबाइल हरवतो. अशा प्रसंगी परवानाधारक चालक, भरलेली बॅटरी आणि वीस मीटर तार असलेली गाडी तालुक्यात एक जरी असली तरी प्रशासनाला आधार होतो. त्यासाठी तिची नोंद जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे आधीच करून ठेवावी. सहली वर्षातून दोन-चारच होतील. पण आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी यंत्र सुरू करून दुसऱ्या गावच्या केंद्राशी बोलण्याचा नेम मात्र घरातील मुलांनी चुकवू नये.