दप्तर बेण्यासारखे जपा



हंगाम सुरू झाला की गट ऑफिसात दिवसभर एकच प्रश्न ऐकू येतो : "साहेब, माझी तोड कधी?" याचे उत्तर कोणा अधिकाऱ्याच्या मनात नसते, ते दप्तरात असते. लागण कोणत्या तारखेची, आडसाली की पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, जात कोणती, गट नंबर कोणता, क्षेत्र किती, या नोंदीवरून क्रमपाळी लागते. पुढे काट्यावरचे वजन, वजनावरून बिल, बिलातून सोसायटीची वसुली. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, हा हक्क सांगायचा तर ऊस कोणत्या तारखेला दिला याची नोंद शिल्लक पाहिजे. नोंदच नाही म्हटल्यावर हक्क कशाच्या जोरावर सांगणार?

पूर्वी ही नोंद लाल कापडात बांधलेल्या रजिस्टरात असे. आता ती संगणकात आहे. कामाला वेग आला, बेरजेच्या चुका कमी झाल्या, हे मान्यच करायला हवे. परंतु रजिस्टरला वाळवी लागली तर चार पाने जात होती; संगणकातली तबकडी बिघडली तर सगळ्या गावांची नोंद एका क्षणात जाऊ शकते. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, आपण बेण्याची जेवढी काळजी घेतो तेवढी दप्तराची घेतली पाहिजे, आणि हा विषय संगणक विभागावर सोडून न देता सर्वसाधारण सभेत आला पाहिजे.

कोणी म्हणेल, कागद बरा होता. तर २१ जून २०१२ आठवा. त्या दिवशी मुंबईत मंत्रालयाला आग लागली, माणसे दगावली, आणि वरच्या मजल्यांवरच्या असंख्य फायली जळून गेल्या. ज्या कागदांची प्रत जिल्ह्याला किंवा दुसऱ्या कार्यालयात होती, ते पुन्हा उभे करता येणार होते. ज्यांची प्रतच नव्हती, त्यांचे काय होणार? तेव्हा कागद की संगणक हा खरा प्रश्न नाही. दुसरी प्रत आहे का, आणि ती दुसरीकडे आहे का, हा प्रश्न आहे.

या विषयात मला डोळस केले ते आपल्याच एका सभासदाच्या मुलाने. हा मुलगा नोकरीनिमित्त उल्हासनगरला कॅम्प ४ मध्ये राहतो आणि विठ्ठलवाडी स्टेशनावरून रोज लोकलने संगणकाच्या कामाला जातो. दोन खोल्यांचे घर. त्यातल्या पोटमाळ्यावर त्याने कंपन्यांनी मोडीत काढलेली तीन जुनी यंत्रे मांडली आहेत. त्याला हे लोक घरची प्रयोगशाळा म्हणतात. नोकरीच्या ठिकाणी चालू यंत्रावर प्रयोग करता येत नाही, एक चूक झाली तर हजार माणसांचे काम थांबते. म्हणून घरी मुद्दाम मोडायचे आणि मुद्दाम दुरुस्त करायचे. आपण नवी जात आली की सगळ्या रानात लावतो का? आधी प्रात्यक्षिक प्लॉट घेतो. तसाच हा प्लॉट.

त्याच्या तीन यंत्रांत दहा-बारा संगणक चालतात! हे कसे? याला आभासी संगणक म्हणतात. एका यंत्राची ताकद आणि जागा वाटून त्यात अनेक स्वतंत्र संगणक बसवायचे. एकाच रानात पट्टे पाडून वेगवेगळी पिके घ्यावीत, पाणी आणि मोटार मात्र एकच, तसा हा प्रकार. कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने ती १९६० च्या दशकातच मोठ्या यंत्रांवर वापरली. १९९८ साली व्हीएमवेअर कंपनी निघाली आणि हे तंत्र साध्या संगणकांवर आले. फायदा असा की, असा आभासी संगणक म्हणजे शेवटी एक फाईल असते. ती उचलून दुसऱ्या यंत्रावर ठेवली की काम पुढे चालू. तोटा मात्र उघड आहे. मोटार जळली की सगळेच पट्टे वाळतात.

आणखी एक गोष्ट यात शिकण्यासारखी आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात व्हीएमवेअर कंपनी ब्रॉडकॉमने विकत घेतली आणि महिन्याभरात कायमचे परवाने विकणे बंद करून वर्गणीची पद्धत लावली. अनेक संस्थांचा खर्च वाढला. पुष्कळ हौशी मंडळी मग प्रॉक्समॉक्स या खुल्या प्रणालीकडे वळली. ती ऑस्ट्रियातली असून २००८ पासून आहे. आपल्या कॅम्प ४ च्या पोरानेही तेच केले. सहकारातल्या माणसाला यातला अर्थ वेगळा सांगायला नको. दप्तर आपले, पण कुलूप दुसऱ्याचे, अशी स्थिती ठेवू नये.

आता मुख्य मुद्दा, प्रतीचा. पुष्कळांना वाटते, संगणकात दोन तबकड्या बसवल्या, एकीवर लिहिलेले दुसरीवर आपोआप उमटते, म्हणजे काम झाले. हा मोठा गैरसमज आहे. एकीवरचे पुसले तर दुसरीवरचेही त्याच क्षणी पुसले जाते. दुसरा गैरसमज स्नॅपशॉटचा, म्हणजे आहे त्या स्थितीची तात्पुरती खूण. ती सोयीची आहे, पण ती खोडव्यासारखी. मूळ बुडखाच कुजला तर खोडवा कशावर फुटणार? खरी प्रत म्हणजे वेगळ्या रानात लावलेले वेगळे बेणे.

याचे उदाहरण आपल्या राज्यातच घडले. २०१७ च्या जूनअखेर नॉटपेट्या नावाचा संगणकी रोग जगभर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि न्हावा शेवा बंदरातल्या तिच्या टर्मिनलचे काम अडले. या कंपनीच्या संगणकांची मुख्य नोंदवही जगभरात सुमारे १५० ठिकाणी होती आणि प्रत्येक ठिकाण दुसऱ्याशी जोडलेले होते. जोडलेले होते म्हणूनच रोग सगळीकडे गेला आणि सगळ्या प्रती साफ झाल्या. वाचली ती फक्त एक, आफ्रिकेतल्या घाना देशातली. कारण काय, तर त्या वेळी तिथली वीज गेली होती! आपण विजेच्या नावाने बोटे मोडतो; तिथे वीज गेल्यामुळे कंपनी पुन्हा उभी राहिली. लाल कूज किंवा गवताळ वाढ बेण्यातून एका रानातून दुसऱ्या रानात कशी जाते हे आपण पाहतो. म्हणून एक प्रत तरी अशी पाहिजे की, जिला ना तार लावलेली, ना वीज.

यावर सुटसुटीत नियम आहे. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने तो रूढ केला : प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या गावी. आपल्या धंद्यात हे नवे नाही. मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित असे तीन टप्प्यांचे बेणे आपण करतोच. जगातल्या ऊस जातींचे दोन मोठे संग्रह आहेत. एक केरळात कण्णूरला, कोईमतूरच्या ऊस पैदास संस्थेच्या ताब्यात, आणि दुसरा अमेरिकेत मायामीला. शास्त्रज्ञांनी एका देशावरसुद्धा भरवसा ठेवला नाही. मग आपण एका खोलीवर का ठेवावा? दक्षिण कोरियाने तो ठेवला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातल्या सरकारी संगणक केंद्राला आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या कामाचे ८५८ टेराबाइट दप्तर गेले. व्याप फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवली नव्हती. एवढा पुढारलेला देश, पण पडायचे ते पडलेच.

दुसरे गाव निवडतानाही डोके वापरावे लागते. कोणी सुचवेल, आपला हुशार पोरगा उल्हासनगरला आहे, ठेवा त्याच्याकडे प्रत. पण २६ जुलै २००५ ला उल्हास आणि वालधुनी नद्यांनी उल्हासनगर, बदलापूर, कल्याणमध्ये काय केले ते आठवा. २७ जुलै २०१९ ला आपली मुंबई-कोल्हापूर महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली आणि हजारावर प्रवासी बोटींतून काढावे लागले. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत पंचगंगा आणि कृष्णेने कोल्हापूर-सांगलीत हाहाकार केला. म्हणजे मूळ नोंद कृष्णाकाठी आणि प्रत उल्हासकाठी असती, तर एकाच पावसाळ्यात दोन्ही पाण्यात गेल्या असत्या. प्रत ठेवायची ती वेगळ्या खोऱ्यात, उंचावर. शिवाय सभासदांची खाती, बँक नंबर असले दप्तर कोणा एकाच्या घरी ठेवणे योग्यही नाही. त्या पोराकडून घ्यायची ती विद्या.

उल्हासनगरचा विषय निघाला म्हणून आणखी एक सांगतो. त्या गावाचा पायाच छावणीचा. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी बराकींत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ ला वसाहतीला उल्हासनगर नाव मिळाले, पण कॅम्पांचे आकडे आजही बोलण्यात आहेत. मागे राहिलेल्या मालमत्तेच्या भरपाईसाठी १९५० आणि १९५४ साली कायदे झाले आणि दाव्यांची तपासणी सुरू झाली. घर, दुकान, शेत पलीकडे राहिलेले. आपले होते हे दाखवायला कागद लागणार. ज्यांच्या गाठोड्यात कागद आला, त्यांचे बोलणे सोपे झाले असणार. आपल्यावर तशी वेळ न येवो, पण दप्तराची किंमत अशा माणसांना विचारावी.

शेवटचा मुद्दा तपासणीचा. कॅम्प ४ चा पोरगा मला म्हणाला, "काका, कॉपी आहे म्हणता, पण ती उघडून बघितली का कधी?" तो स्वतः महिन्यातून एकदा आपला एक संगणक पुसून टाकतो आणि प्रतीवरून पुन्हा उभा करतो. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या मोठ्या कंपनीत चुकून मुख्य माहिती पुसली गेली. प्रत ठेवण्याच्या पाच पद्धती कागदावर होत्या, ऐन वेळी त्यांतली एकही नीट चालली नाही. सहा तास जुनी एक प्रत योगायोगाने हाती होती म्हणून निभावले. बेणे दिसायला रसरशीत असते, पण डोळा मेला असेल तर उगवण शून्य. उगवण पाहिल्याशिवाय बेण्याचा भरवसा धरू नये, तसेच हे.

खर्चाचे काय, असे आपण विचाराल. प्रत ठेवण्याच्या तबकड्या, एक कपाट आणि एका माणसाचे आठवड्यातले काही तास, एवढाच हा खर्च. एका हंगामाची क्रमपाळी विस्कटली तर उसाला तुरे येतात, वजन घटते, उतारा पडतो, गावात भांडणे लागतात. कोणता खर्च मोठा, ते आपणच ठरवा.

माझ्या सूचना तीन. एक, लागण नोंद, काटा आणि भाग खाते यांच्या तीन प्रती ठेवण्याचा ठराव व्हावा. त्यांतली एक बिनतारेची, एक परजिल्ह्यात. दोन, बॉयलर अग्निप्रदीपनापूर्वी दरवर्षी प्रतीवरून दप्तर उभे करून दाखवावे आणि त्याचा अहवाल वार्षिक सभेपुढे यावा. तीन, सभासदांनी लागण नोंदीची पावती आणि काट्याची चिठ्ठी जपून ठेवावी. मोबाईलमध्ये फोटो काढून तो घरातल्या दुसऱ्या मोबाईलवरही पाठवावा. पावसाळ्यात पत्र्याच्या पेटीतल्या चिठ्ठीचा लगदा होतो, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे.

ज्यांची मुले संगणकात शिकत आहेत, त्यांनी घरात जुने यंत्र खोलून बसलेल्या पोरावर रागावू नये. उद्या आपले दप्तर तोच सांभाळणार आहे.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी