न विचारलेला प्रश्न

बालरोगतज्ज्ञाने पुरुषांच्या लैंगिक आरोग्यावर लेख लिहावा, याचे काही सभासद बंधुभगिनींना नवल वाटेल. परंतु या विषयाकडे मला माझ्याच एका जुन्या रुग्णाने आणले.

चौदाव्या वर्षी त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिसचे निदान झाले. सल्फासलाझिन मीच सुरू केले, सोबत फॉलिक अ‍ॅसिड दिले, रक्ततपासण्यांचे वेळापत्रक त्याच्या आईला लिहून दिले. अठरा पूर्ण होताच मी त्याला मोठ्यांच्या डॉक्टरांकडे सोपवले. औषध लागू पडत होते, म्हणून तेच चालू राहिले. यथावकाश लग्न झाले. मूल होईना. दोन वर्षे तपासण्या झाल्या त्या फक्त पत्नीच्या. नातेवाइकांची बोलणीही तिनेच ऐकली. पुढे आजार बळावून तो दाखल झाला, तेव्हा औषधी एनिमा कसा घ्यावा हे शिकवता शिकवता एका ज्येष्ठ सिस्टरांनी विचारले, "घरी सगळं ठीक आहे ना रे? या दुखण्याचा संसारावरही ताण येतो, म्हणून विचारते." तो प्रथमच मोकळेपणाने बोलला. वीर्यतपासणीत शुक्राणूंची संख्या फार कमी आढळली. औषध बदलून मेसालामिन देण्यात आले. वर्षभराने तो पेढे घेऊन आला. मला मात्र तो पेढा गोड लागला नाही.

कारण सल्फासलाझिनचा हा दुष्परिणाम १९७९ सालीच 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला आहे. मोठ्या आतड्यात या औषधाचे दोन घटक सुटे होतात. त्यांपैकी सल्फापायरिडीनमुळे शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटते. औषध बंद केल्यावर दोन-तीन महिन्यांत ती बहुधा पूर्ववत होते. हे सारे मला ठाऊक होते. चौदा वर्षांच्या मुलाला सांगणे अवघड वाटले, आणि अठराव्या वर्षी सांगायचे राहून गेले.

प्रश्न एका औषधापुरता नाही. क्रोन्सच्या आजारात वाढ खुंटते, वयात येणे लांबते. सततचे जुलाब, थकवा, गुदमार्गाजवळचे भगंदर, स्टिरॉइडमुळे सुजलेला चेहरा, पोटावरची स्टोमाची पिशवी, यांमुळे तरुण मनुष्य जवळिकीलाच भिऊ लागतो. ओटीपोटातील शस्त्रक्रियेत मज्जातंतूंना इजा झाल्यास लिंगताठरतेत वा वीर्यस्खलनात दोष उद्भवू शकतो. त्यावर औषधे आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी वीर्य गोठवून ठेवण्याची सोय आहे. मात्र हे वेळेवर सांगणारे कोणी हवे.

माझ्या मते हे काम प्रथम परिचारिकेचे आहे. डॉक्टर पाच मिनिटे भेटतात. पिशवी बदलणे, ड्रेसिंग, एनिमा ही शरीराच्या लज्जास्थानांशी निगडित कामे तीच करते. संकोचाचा पडदा तिथे आधीच थोडा बाजूला झालेला असतो. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी १९५८ साली स्टोमाच्या रुग्णांना मार्गदर्शन करण्यासाठी नॉर्मा गिल यांना नेमले. त्या स्वतः अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्ण होत्या, त्यांच्या पोटावरही पिशवी होती. त्यांच्या कामातून शुश्रूषेची एक स्वतंत्र शाखा उभी राहिली.

पद्धतही सोपी आहे. मानसशास्त्रज्ञ जॅक अ‍ॅनन यांनी १९७६ मध्ये चार पायऱ्या मांडल्या : बोलण्याची मुभा देणे, मोजकी माहिती देणे, नेमक्या सूचना करणे आणि शेवटी तज्ज्ञाकडून सखोल उपचार. पहिल्या दोन पायऱ्या कोणतीही प्रशिक्षित सिस्टर चढू शकते. पुढचे काम तज्ज्ञांचे.

"आपल्याकडे हे चालायचे नाही, सिस्टर लाजतील, रुग्ण रागावतील," असा आक्षेप येईल. तो सर्वस्वी पोकळ नाही. म्हणूनच रुग्णाला हवा असल्यास पुरुष परिचारक असावा, आडोशाची खोली असावी, नातेवाईक बाहेर थांबावेत, आणि गोष्ट फुटणार नाही याची हमी असावी. नको म्हणणाऱ्याला आग्रह करू नये. परंतु लाज वाटते म्हणून प्रश्नच विचारायचा नाही, ही मात्र आपली सोय झाली, रुग्णाची नव्हे. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू करून हे विषय मराठीत उघडपणे मांडले आणि १९५३ पर्यंत, अखेरपर्यंत, त्याची किंमत मोजली. त्यांच्या भाषेचे आपण वारसदार. इंदुरात राहत असलो म्हणून काय झाले!

मंडळाला माझी विनंती एवढीच : वार्षिक व्याख्यानांपैकी एक दिवस परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवावा. आणि माझ्या बालरोगतज्ज्ञ मित्रांना विनंती, की आतड्याच्या जुनाट आजाराचा मुलगा मोठ्यांच्या डॉक्टरांकडे सोपवताना त्याच्या चिठ्ठीत औषधांच्या यादीखाली एक ओळ जरूर लिहावी : 'वयात येणे, विवाह व अपत्य यांविषयी याच्याशी बोलणे झाले आहे.' ती ओळ खरी ठरावी म्हणून आधी बोलावे लागेल. मी ते आता बोलतो. पंधरा वर्षांपूर्वी बोललो असतो, तर एका सुनेची दोन वर्षे वाचली असती.