जुने मेल कशाला हवेत?

2012 सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. घरचा कॉम्प्युटर चालेनासा झाला म्हणून बाबा तो रिक्षात घालून साजगावहून खोपोलीला घेऊन गेले. दुकानातल्या मुलाने डबा उघडला, आत फुंकर मारली आणि सांगितलं, यात पैसे घालू नका, नवीनच घ्या. नवीन घेतला. फोटो, गाणी, डेस्कटॉपवरच्या फायली त्याने नव्या मशीनवर टाकून दिल्या. बाबांनी विचारलं, "आणि मेल?" तो म्हणाला, "काका, जुने मेल कशाला हवेत? जीमेल काढून देतो की."

बाबा म्हणाले, "बरं."

माझं भांडण त्या "बरं"शी आहे. दुकानातल्या मुलाशी नाही. त्याने ज्याचे पैसे घेतले ते काम केलं. पण नऊ वर्षांची पत्रं ठेवायची की टाकायची, हे काउंटरवर उभ्या उभ्या, रिक्षा थांबलीय म्हणून ठरलं. हेच आज पुन्हा होतंय. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा पाठिंबा संपला आणि त्यानंतर कितीतरी घरांतून, दुकानांतून, पतपेढ्यांतून जुनी मशीन बाहेर निघाली. प्रत्येक काउंटरवर तोच प्रश्न आणि तेच "बरं".

तुम्ही म्हणाल, मेल तर सर्व्हरवर असतात, मशीन गेलं तरी काय बिघडतं? तुमचं वय पंचविसाच्या आसपास असेल तर तुम्हाला असं वाटणं साहजिक आहे. तुम्ही मेल फोनवर पाहता. फोन ही खिडकी, सामान तिकडे. पण आधी तसं नव्हतं. हॉटमेल 2 एमबी जागा द्यायचं, याहू 4 एमबी. आज एका फोटोला तेवढी लागते. जीमेल एप्रिल 2004 मध्ये 1 जीबी घेऊन आलं तेव्हा लोकांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली होती. त्याआधी, आणि बऱ्याच घरांत त्यानंतरही, मेल यायचे ते पॉप नावाच्या पद्धतीने. पॉपमधला 'पीओ' म्हणजे चक्क पोस्ट ऑफिस. तिथे जायचं, आपली पत्रं उचलायची, घरी आणायची. नंतर पोस्टात काही उरत नाही. 'सर्व्हरवर प्रत ठेवा' असा एक चौकोन सेटिंगमध्ये असायचा, त्यावर टिक केली तरच प्रत राहायची. बाबांना तो चौकोन कुणी दाखवला नव्हता.

म्हणजे आमची पत्रं जगात एकाच ठिकाणी होती. साजगावात, आमच्या माळ्यावर, बंद पडलेल्या डब्यात.

डबा टाकून दिला नाही याचं श्रेय आईला. ती काहीच टाकत नाही.

आता त्या पत्रांत काय होतं ते सांगतो. माझे काका 2003 मध्ये मस्कतला फिटर म्हणून गेले. बाबा इथल्याच एका कारखान्यात स्टोअरला होते. त्यांनी जोडणी करून घेतलेला कॉम्प्युटर आणला, डायल-अप घेतलं, आणि दोन भाऊ एकमेकांना मेल लिहू लागले. काका सायबर कॅफेतून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. बाबांनी मात्र हौसेने शिवाजी फॉन्ट घातला होता. याच काळात साजगावातलं जुनं कौलारू घर पाडून नवीन बांधलं. पैसे दोघांचे, देखरेख बाबांची. ग्रामपंचायतीत नमुना 8 वर नाव लागलं ते बाबांचं एकट्याचं, कारण सही करायला इथे तेच होते.

काका 2021 मध्ये गेले. तीन वर्षांनी चुलतबहिणीने विचारलं, तेही भांडून नाही, जेवताना: "दादा, घरात आमच्या पप्पांचे किती होते रे?" बाबा म्हणाले, "स्लॅबला दिले होते. दोनेक लाख." काकू काही बोलल्या नाहीत. ताट घेऊन उठल्या.

मी त्या रात्री माळ्यावर चढलो. बाबांचं म्हणणं खरं ठरावं, असंच मला वाटत होतं. ते इथे कबूल करून टाकतो.

हार्ड डिस्क जुन्या पद्धतीची, रुंद पट्टीच्या वायरची. ती यूएसबीला जोडायचा अडॅप्टर ऑनलाइन मागवला. डिस्क फिरली, कुरकुरली, पण उघडली. मेल आउटलुक एक्सप्रेसमध्ये होते. हा प्रोग्राम प्रत्येक फोल्डरची एक फाईल करतो, इनबॉक्सची एक, सेंटची एक, शेवटी डीबीएक्स. आणि या फायली ठेवतो कुठे? माय डॉक्युमेंट्समध्ये नाही. 'लोकल सेटिंग्ज' नावाच्या लपवलेल्या फोल्डरच्या पोटात, तिथून आणखी काही पायऱ्या खाली, आकडे-अक्षरांचं जंजाळ नाव असलेल्या फोल्डरमध्ये. दुकानातल्या मुलाने जे दिसलं ते उचललं. जे लपवलेलं होतं ते कसं उचलणार?

इथे मला कंपन्यांवर बोलायचंय, आणि गोड बोलायचं नाहीये. माणसाच्या घरातली सगळ्यात खाजगी वस्तू, त्याची पत्रं, तुम्ही त्याच्याच मशीनवर त्याच्यापासून लपवून ठेवता. तीही अशा फाईलमध्ये जी दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रामला सरळ वाचता येत नाही. मग 2007 मध्ये व्हिस्टा आणता आणि आउटलुक एक्सप्रेस काढून विंडोज मेल देता. 2009 मध्ये विंडोज 7 आणता, त्यात मेलचा प्रोग्रामच नसतो. लाइव्ह मेल वेगळा उतरवून घ्या म्हणता. तोही पुढे बंद. मग मेल नावाचं अ‍ॅप, त्याचा पाठिंबा 2024 च्या 31 डिसेंबरला संपवता आणि नव्या आउटलुककडे बोट दाखवता. वीस वर्षांत भाडेकरूला इतक्या वेळा खोली बदलायला लावली, तर दर वेळी त्याची एखादी ट्रंक मागे राहणारच. आणि राहिली की म्हणायचं, तुम्ही बॅकअप का नाही घेतला?

खरं तर पत्र म्हणून ईमेल अगदी साधी गोष्ट आहे. वर चार ओळी: कुणाकडून, कुणाला, कधी, विषय काय. मग एक रिकामी ओळ आणि खाली मजकूर. हा साचा 1982 मध्ये लिहून ठरवलेला आहे आणि आजही मूळचा तोच चालतो. एमबॉक्स नावाची फाईल म्हणजे अशी पत्रं एकाखाली एक ओवलेली. ती नोटपॅडमध्येसुद्धा उघडते. इतक्या साध्या गोष्टीला कुलूप लावायची गरज कुणाची होती? वाचणाऱ्याची खचितच नव्हती.

ते कुलूप अनडीबीएक्स नावाच्या एका फुकट, कुणी सदिच्छेने लिहून ठेवलेल्या छोट्या प्रोग्रामने उघडलं. त्याने डीबीएक्स फोडून प्रत्येक पत्राची स्वतंत्र ईएमएल फाईल केली. त्या मी थंडरबर्डमध्ये नेल्या. ही सगळी खटपट एका रविवारची. काकांची पत्रं तशीच्या तशी उमटली, कारण इंग्रजी अक्षरं कुठेही उमटतात. बाबांची उमटली नाहीत. फॉन्ट नसला की शिवाजीतली मराठी म्हणजे नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा. फॉन्ट शोधून घातला तेव्हा ती बोलू लागली. (युनिकोडमध्ये लिहा, असं कुणी सांगितलं की आपण त्याला शिष्ट म्हणतो. वीस वर्षांनी आपलंच लिहिलेलं वाचता येत नाही तेव्हा तो शिष्ट आठवतो.)

पत्रं लावून हिशोब केला. काकांनी चौदा वेळा पैसे पाठवले होते. विटा, स्लॅब, बोअरची मोटर, वरच्या मजल्याच्या खिडक्या. एकूण 5 लाख 40 हजार. प्रत्येक पत्राला बाबांचं उत्तर होतं: "मिळाले. काळजी करू नकोस."

बाबा खोटं बोलले नव्हते. ते विसरले होते. माणूस स्वतःचे कष्ट रुपयाला रुपया लक्षात ठेवतो आणि दुसऱ्याचे ढोबळमानाने. बाबांच्या डोक्यात उन्हात उभं राहून मारलेलं पाणी होतं, सिमेंटसाठी घातलेले हेलपाटे होते. मस्कतचं ऊन त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

आणि आता खरी अडचण. ती फाईल फक्त माझ्याकडे होती. काकांचा याहूचा पत्ता केव्हाच बंद पडलेला. एक कळ दाबली असती तर दोन लाख हेच सत्य राहिलं असतं, आणि कुणालाही, कधीही कळलं नसतं. जुने मेल कशाला हवेत, या प्रश्नाचा अर्थ मला त्या रात्री कळला. जुने मेल नसण्यात कुणाचा तरी फायदा असतो. बहुतेक वेळा त्याचा, ज्याचं नाव कागदावर आधीच लागलेलं आहे.

म्हणून "मागचं कशाला उकरायचं" असं म्हणणाऱ्यांना माझा उलट प्रश्न असतो: तुमचं नाव कुठे कुठे लागलंय?

आपल्याला जुन्या कागदांचा अभिमान काही कमी नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरं धुंडाळत होते. 1898 मध्ये त्यांनी साधनांचा पहिला खंड छापला आणि पानिपतच्या काळातली पत्रं लोकांसमोर आली. पेशवे दप्तराचे रुमाल पुण्यात आजही आहेत. त्या रुमालांत नुसत्या लढाया नाहीत, हिशोब आहेत, तक्रारी आहेत, वाटण्या आहेत. ते टिकले, कारण कुणीतरी ते फडक्यात गुंडाळून कोरड्या जागी ठेवले. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं 15 ऑगस्ट 1995 ला. तेव्हापासूनच्या पंधराएक वर्षांत आखातात, अमेरिकेत, बंगलोरला गेलेल्या मराठी माणसांनी घरी काय लिहिलं, ते अशाच माळ्यांवरच्या डब्यांत आहे. त्यासाठी राजवाडे येणार नाहीत, आणि आले तरी त्यांना कसर लागलेला कागद वाचता येईल, गंजलेली डिस्क नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, सगळं साठवत बसणं हा रोग आहे. मान्य. माझ्या स्वतःच्या इनबॉक्समध्ये नऊ हजार मेल ओटीपी आणि सेलचे आहेत, ते खुशाल जाळा. पण वाचून टाकणं वेगळं आणि मशीन बदलताना गळून जाणं वेगळं. दुसरा, मेलेल्या माणसाची पत्रं वाचायचा हक्क तुला कुणी दिला? हा आक्षेप खरा आहे आणि तो मला अजून टोचतो. काकांच्या पत्रांत काकूंविषयी दोन ओळी अशा होत्या, ज्या मी वाचायला नको होत्या. त्या दोन पत्रांच्या मी प्रती ठेवल्या नाहीत. मूळ पत्रं काकूंना दिली, काय करायचं ते त्या ठरवतील.

आणि तुमच्याविषयी. सर्व्हरवर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. गुगल दोन वर्षं न वापरलेलं खातं पुसू शकतं, हा नियम 2023 पासून लागू आहे. कॉलेजने दिलेला पत्ता पदवीनंतर बंद होऊ शकतो, नोकरीतला तर राजीनाम्याच्या दिवशीच. गुगल टेकआउट 2011 पासून आहे. त्यातून तुमचे सगळे मेल एमबॉक्स म्हणून उतरतात. फोनवरूनही मागवता येतात, फाईल मात्र पेनड्राइव्हवर ठेवा आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरात. आमच्याकडे आगोट आली की बायका सुकट-बोंबील वाळवून, डब्यात भरून पावसाळ्याची बेगमी करतात. ती करताना कुणी विचारत नाही, जुने बोंबील कशाला हवेत.

बाबांना मी सगळी पत्रं छापून दिली. ते दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत काकूंचं नाव लावायचा अर्ज स्वतः लिहून घेऊन गेले. घरात अजून थोडं अवघडलेपण आहे; ते मेलने मिटत नाही.

गेल्या कार्तिकात बोंबल्या विठोबाच्या यात्रेला चुलतबहीण आली होती. ताकईच्या देवळात जाऊन आलो, मग सुक्या मासळीच्या बाजारातून फिरलो, आणि घरी आल्यावर मी तिला पेनड्राइव्ह दिला. ती माझ्याच लॅपटॉपवर उघडून बसली. 2005 च्या नोव्हेंबरातलं एक पत्र तिने मोठ्याने वाचलं. काका लिहितात, दादा, यात्रेतून पाव किलो बोंबील घेऊन कुणी इकडे येणारं असेल तर पाठव, इथले बोंबील बोंबलासारखे लागत नाहीत.

"मग पाठवले का?" तिने विचारलं.

बाबांचं उत्तर शोधलं. मिळालं नाही. सेंटच्या फाईलमधले त्या दोन महिन्यांचे मेल फुटलेले निघाले.

"पाठवले होते," बाबा आतून म्हणाले. मग थोड्या वेळाने, "बहुतेक."