पैसे जनतेचे, किल्ली प्रकाशकांची

शोधनिबंध प्रकाशकांच्या परवानगीविना फुकट उपलब्ध करून देणारे साय-हब हे संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. एल्सव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दाखल केलेल्या दाव्यात, नवे निबंध चढवणार नाही ही हमी साय-हबने मोडल्याचे न्यायालयाला आढळले. हमी मोडली की कारवाई होणारच. त्याबद्दल न्यायालयाशी हुज्जत घालण्याचे कारण नाही. पण आपले संशोधक इतकी वर्षे या चोरवाटेने का जात होते, या प्रश्नाचा निकाल सरकारलाच लावावा लागेल.

शोधनिबंधाचा व्यवहार मोठा अजब आहे. सरकारी विद्यापीठातला प्राध्यापक सरकारी पगारावर आणि अनुदानावर प्रयोग करतो, निबंध लिहितो. नियतकालिक त्याला छदामही देत नाही. निबंध तपासणारे तज्ज्ञही बहुधा फुकटच राबतात. छापण्याआधी स्वामित्वहक्क लिहून घेतला जातो आणि त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयाला तोच निबंध वर्गणी भरून वाचावा लागतो. वर्गणी नसलेल्याने एकेका निबंधासाठी तीस-चाळीस डॉलर, म्हणजे अडीच ते साडेतीन हजार रुपये मोजायचे. आणि तो आपल्या कामाचा आहे की नाही, हे पैसे भरल्यावर कळणार!

कायद्याला शिक्षणाची गरज कळत नाही, असे नव्हे. प्राध्यापकांनी नेमलेली निरनिराळ्या पुस्तकांतली प्रकरणे झेरॉक्स करून, स्पायरल बाइंडिंग घालून विकणाऱ्या दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानाला ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ मध्ये कोर्टात खेचले होते. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी निकाल दिला की, स्वामित्वहक्क हा ईश्वरदत्त वा नैसर्गिक हक्क नव्हे. विद्यार्थ्याने हाताने उतरवून घेतलेले जर चालते, तर यंत्राने काढलेली प्रत गुन्हा कशी ठरेल? शिकवण्यासाठी काढलेल्या प्रतींना १९५७ च्या कायद्यातले कलम ५२ संरक्षण देते, हे तत्त्व खंडपीठानेही उचलून धरले. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

याचा अर्थ सगळेच फुकट वाटावे, असा काढता येणार नाही. हजार प्रतींची आवृत्ती खपवताना घामाघूम होणाऱ्या मराठी प्रकाशकाचे पुस्तक आठवडाभरात पीडीएफ होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, तेव्हा लेखकाच्या मानधनावरच घाला पडतो. ती चोरीच. कादंबरीकार विक्रीवर जगतो, शोधनिबंधाचा लेखक पगारावर. दोघांना एकाच तराजूत तोलण्याने गोंधळ होतो.

केंद्राची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना हे शोधनिबंध वाचकांपर्यंत पोहोचवण्याच्या दिशेचे मोठे पाऊल. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मोजून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० सरकारी संस्थांना उघडी करून दिली आहेत. पण हा दरवाजा सरकारी संस्थेच्या ओळखपत्रावर उघडतो. पदवी घेऊन बाहेर पडलेला विद्यार्थी, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा डॉक्टर, बियाण्यांची माहिती शोधणारा शेतकरी यांच्या करातूनही हे ६,००० कोटी जातात; वाचायची मुभा मात्र त्यांना नाही. महाराष्ट्रात अकरा-बारा हजार अनुदानित सार्वजनिक ग्रंथालये आहेत. निदान जिल्हा ग्रंथालयाच्या एका संगणकावर तरी ही नियतकालिके दिसायला काय हरकत आहे? वर्गणीचा पुढचा करार करताना सरकारने हा मुद्दा रेटलाच पाहिजे. एवढ्या मोठ्या गिऱ्हाईकाने घासाघीस करायची नाही, तर कुणी करायची?

आणि वर्गणी हा काही कायमचा इलाज नव्हे. जनतेच्या पैशातून झालेले काम जनतेसाठी खुले ठेवता येते, हे मराठी विश्वकोशाने दाखवले आहे. त्याचे खंड आज कुणालाही घरबसल्या विनामूल्य वाचता येतात. सरकारी अनुदानातून झालेले निबंध खुल्या भांडारात ठेवावेत, असे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांचे धोरण २०१४ पासून आहेच. आता ते साऱ्या अनुदानांना लागू करावे आणि त्याला दात द्यावेत: निबंध छापून आल्यावर वर्षभरात खुली प्रत जमा झाली नाही, तर अनुदानाचा पुढचा हप्ता नाही.