टक्केवारीत न दिसणारे रान

गोव्याच्या भूभागापैकी सुमारे 60 टक्के क्षेत्र वनाच्छादित आहे, अशी नोंद भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या 2021 च्या अहवालात आहे. हा आकडा ऐकून कोणाही गोवेकराची छाती फुगावी. आमचे मात्र त्याने समाधान होत नाही. उपग्रहाने टिपलेल्या चित्रात किमान एक हेक्टर जागेवर वृक्षछत्राची दाटी दहा टक्क्यांहून अधिक दिसली की ते वन, अशी ही मोजणी. मालकी कोणाची, झाड कोणते, हे ती विचारीत नाही. साहजिकच काजूची बाग, माडांचे भाट आणि सह्याद्रीच्या कुशीतले पुरातन अरण्य एकाच बेरजेत जाऊन बसते.

परंतु आमचा खरा प्रश्न निराळा आहे. हे रान सलग आहे की विखुरलेले? त्याच उपग्रहचित्रावरून याचेही उत्तर मिळू शकते. रानाचे तुकडे किती, सर्वांत मोठा केवढा, त्यांच्या कडांची एकूण लांबी किती, हे मोजण्याचे संख्याशास्त्र तयार आहे. एक किलोमीटर लांबी-रुंदीचे, म्हणजे 100 हेक्टरांचे रान घ्या. त्याच्या मधोमध 20 मीटर रुंदीचा रस्ता काढला तर रान घटते अवघे दोन हेक्टर. कडा मात्र चार किलोमीटरांवरून जवळजवळ सहावर जातात. कडेपासून 100 मीटरपर्यंत ऊन-वाऱ्याची बाधा धरली, तर निर्वेध गाभा 64 हेक्टरांवरून 46 वर येतो. टक्केवारीत हे नुकसान कोठे दिसणार?

अमेरिकेत रॉबर्ट गार्डनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली संगणकावर काल्पनिक नकाशे रचून खऱ्या भूप्रदेशांशी ताडून पाहण्याची रीत मांडली. चौकोनांच्या जाळ्यात वाटेल तसे वन पेरले आणि चारही बाजूंचेच शेजारी जोडलेले मानले, तर ते सुमारे 59 टक्क्यांखाली उतरताच या टोकापासून त्या टोकापर्यंतची सलग वाट तुटते. आमच्या साठाशी हा आकडा जुळतो तो निव्वळ योगायोगाने. खरे रान काही फाशांच्या दानाने उगवत नाही. पण वाट हळूहळू अरुंद होत नाही, एकाएकी तुटते, हे ध्यानी घ्यावे.

मोलेंच्या अभयारण्यातील लोहमार्गाच्या दुपदरीकरणास मिळालेली वन्यजीवविषयक मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये रद्द केली. रेल्वे, महामार्ग, वीजवाहिनी ही सारी रेघांसारखी कामे. जागा थोडी खातात आणि चिरतात फार. अशा प्रत्येक प्रस्तावासोबत किती हेक्टर जाणार एवढेच न सांगता, कामाआधीचे व नंतरचे तुकडे, कडा आणि गाभा यांचे आकडे सरकारने मराठी-कोंकणीतून ग्रामसभेपुढे ठेवावेत, अशी आमची मागणी आहे.