सातबाऱ्यावर न लिहिलेले दोष

सेवानिवृत्ती चार-पाच वर्षांवर आली, की शहरातील पगारदार माणसाला गावाकडे जमिनीचा एखादा तुकडा घेऊन तेथे राहावयास जाण्याचे वेध लागतात. पूर्वी ज्यांना गाव होते ते गावी परतत. आता ज्यांना गाव उरलेले नाही तेही गाव विकत घ्यावयास निघाले आहेत. मावळ, मुळशी, भोर, कर्जत, माणगाव, दापोली अशा तालुक्यांतून रविवारी जमीन पाहत हिंडणारी कुटुंबे हे त्याचेच दृश्य होय. या इच्छेत गैर काहीच नाही. तथापि भविष्य निर्वाह निधी आणि उपदान यांची रक्कम माणसाच्या हाती आयुष्यात एकदाच येते, आणि ती एका खरेदीखतात गुंतली की पुन्हा मोकळी करून घेणे फार कठीण असते. भाड्याच्या घरातील किंवा नोकरीच्या निवडीतील चूक दुरुस्त करता येते. साठाव्या वर्षी घेतलेल्या जमिनीची चूक बहुधा तशीच वागवावी लागते.

खरेदीदार प्रथम विचारतो तो गुंठ्याचा भाव. वास्तविक शेजारच्या दोन जमिनींच्या भावांत जो फरक दिसतो, तो बहुतांशी त्यांच्या दोषांतील फरक असतो. रिकार्डोने सुपीकतेच्या फरकातून खंड कसा निर्माण होतो हे दाखविले. राहण्यासाठी घेतलेल्या जमिनीला सुपीकतेऐवजी पाणी, वाट, उतार आणि मालकी हक्क यांची मोजपट्टी लागते, इतकेच. स्वस्त जमीन स्वस्त का आहे, याचे उत्तर विकणाऱ्यास ठाऊक असते, घेणाऱ्यास नसते. जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारासंबंधी नेमके हेच विवेचन केले. मोटार निदान गॅरेजमधील कारागिराकडून तपासून घेता येते. जमिनीची तपासणी करावयास मात्र ऋतूच जावे लागतात.

निर्दोष जमीन मिळेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. मिळालीच तर ती निवृत्तिवेतनधारकाच्या आवाक्यात नसेल. म्हणून दोष आहे की नाही यापेक्षा तो कोणत्या जातीचा आहे हे पाहणे अगत्याचे. काही दोष पैशाने जातात. काही कायद्याने आणि कालावधीने जातात, पण तो कालावधी खरेदीदाराच्या उरलेल्या आयुष्याहून मोठा असू शकतो. काही कशानेच जात नाहीत.

पाणी हा बहुधा शेवटच्या जातीचा दोष होय. जमिनी पाहावयाचा हंगाम दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचा. त्या वेळी डोंगर हिरवे असतात, ओढे वाहत असतात आणि विहिरीत पाणी हाताला लागते. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत तेथील अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. सच्छिद्र जांभ्यात मुरलेले पाणी झऱ्यावाटे लवकर निघून जाते. घाटमाथ्यावरील काळ्या पाषाणात ते केवळ झिजलेल्या थरांत आणि भेगांतच साठते. त्यामुळे शेजाऱ्याच्या विंधनविहिरीला पाणी लागले म्हणजे आपल्याला लागेल असे नाही. ‘बारमाही पाणी’ हे दलालाच्या तोंडचे विशेषण मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात विहिरीत डोकावूनच पारखावयाचे असते. तेही जमत नसेल तर त्या वाडीत पाणी भरणाऱ्या बाईला विचारावे. कोणत्या महिन्यात किती खेपा पडतात हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

यात आणखी एक गुंतागुंत आहे. आज एका खरेदीदाराला पुरेल इतके पाणी आहे म्हणून तो जमीन घेतो. त्याच कारणाने आणखी वीस जण घेतात. प्रत्येक जण स्वतंत्र विंधनविहीर खोदतो, काही जण हिरवळही राखतात, आणि भूगर्भातील साठा तर सर्वांचा एकच असतो. पाच वर्षांनी प्रथम कोरडी पडते ती खालच्या वाडीतील सार्वजनिक विहीर. प्रत्येकाचा हिशेब बरोबर असूनही सर्वांची बेरीज चुकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही.

उताराचीही गत अशीच. दरीचे दृश्य दिसते म्हणून ज्या जागेचा भाव चढतो, ती जागा उतारावर असते हे उघड आहे. माळीण येथे जुलै २०१४ मध्ये, महाड तालुक्यातील तळिये येथे जुलै २०२१ मध्ये आणि खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीत जुलै २०२३ मध्ये डोंगर खाली आले आणि वस्त्या गाडल्या गेल्या. ती माणसे तेथे दृश्य पाहण्याकरिता राहत नव्हती. त्यांना दुसरी जागा नव्हती. ज्यांना निवड करता येते त्यांनी डोंगराचा पाय यंत्राने कापून सपाट केलेल्या भूखंडावर घर बांधण्यापूर्वी एकदा भर पावसात तेथे जाऊन यावे. किनाऱ्याजवळ जागा शोधणाऱ्यांनी ३ जून २०२० रोजीचे निसर्ग चक्रीवादळ आठवावे. त्या दिवशी कित्येक पिढ्यांच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या.

वाटेचा प्रश्न नकाशावर दिसत नाही. दुसऱ्याच्या बांधावरून जाणारी वाट वर्षानुवर्षे चालू असते ती बहुधा शेजारधर्माने, आणि जमीन परक्याने घेतली की तो शेजारधर्म आटतो. अशा वेळी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली किंवा मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मे २०२५ मध्ये शासनाने शेतरस्त्यांची नोंद सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात करण्याचा निर्णयही घेतला. परंतु ज्या माणसाविरुद्ध आदेश मिळविला, त्याच्याच दारावरून रोज जावयाचे असते, ही गोष्ट कोणत्याही आदेशाने बदलत नाही.

आता मालकी हक्काविषयी. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. तो मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. तरी तो नीट वाचला तरी पुष्कळ कळते, आणि नेमका तोच वाचण्याचा कंटाळा केला जातो. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या व्यक्तीस शेतजमीन परवानगीवाचून घेता येत नाही. शेतकरी असल्याचा दाखला ‘करून देणारे’ मध्यस्थ ज्या रस्त्याने नेतात, तो व्यवहार अवैध ठरण्याच्या वाटेवरचा असतो. ‘भोगवटादार वर्ग २’ ही नोंद म्हणजे हस्तांतरणावरील बंधन. १९७५ च्या कायद्याने खाजगी वने शासनाकडे गेली, पण त्यांच्या नोंदी कित्येक ठिकाणी फार उशिरा झाल्या. सावंतवाडी तालुक्यातील आंबोली, चौकुळ आणि गेळे येथील कबुलायतदार-गावकर जमिनींचा गुंता सोडविता सोडविता दशके गेली. कोकणात एका लहानशा हिश्श्यावर वीस-पंचवीस नावे आढळणे नित्याचे असून, त्यांतील निम्मी माणसे मुंबईत असतात आणि काही हयातही नसतात. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलींना वडिलार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क मिळाला, ही न्याय्य गोष्ट झाली. मात्र बहिणींच्या सह्यांवाचून विकलेली जमीन घेणाऱ्याला तो न्याय पुढे न्यायालयात भेटतो. सामाईक सातबारावर पाच-दहा गुंठ्यांचा अविभक्त हिस्सा घेणाऱ्याच्या हाती तर हद्दच येत नाही. कुंपणाचे खांब तेवढे येतात.

वीज जाते, फुरसे निघते, दूरध्वनीची रेंज मिळत नाही, या तक्रारी त्या मानाने किरकोळ. माणूस त्यांना सरावतो.

ज्याला सरावता येत नाही असा दोष म्हणजे रुग्णालयाचे अंतर. जमीन पाहताना ते किलोमीटरमध्ये सांगितले जाते. मोजावयास हवे ते तासांत, आणि तेही पावसाळ्यातील रात्री दोन वाजताच्या तासांत. शिवाय जमीन दोघांचा विचार करून घेतली जाते आणि अखेरीस तेथे एकालाच राहावे लागते. आपल्याकडील पती-पत्नींच्या वयांतील अंतर पाहता ती बहुधा पत्नीच असते. जमिनीच्या शोधात तिचे मत घराचे तोंड कोणीकडे असावे एवढ्यापुरतेच विचारले गेलेले असते. वाहन चालविता न येणाऱ्या सत्तर वर्षांच्या बाईला ती जागा कशी वाटेल, हा प्रश्न खरेदीपूर्वी फार थोड्या घरांत निघतो.

कोणी म्हणेल, इतका हिशेब मांडला तर गावाकडे कोणी जाणारच नाही. आज प्रत्यक्षात घडते आहे ते याहून वाईट आहे. हिशेब न मांडता घेतलेल्या जमिनीवर दोन-तीन वर्षांत गंजलेले फाटक आणि वाढलेले गवत उरते. जमीन लागवडीखालून गेली, गुरांची वाट तारेच्या कुंपणाने अडली, आणि बदल्यात गावाला शेजारी मात्र मिळाला नाही. विकणाऱ्याला आलेला पैसाही बहुधा लग्नात, वाहनात किंवा कर्जफेडीत संपलेला असतो. जो दोष जाणून येतो तो टिकतो; गावाला हवा असतो तो तोच.

त्यासाठी एक साधा उपाय उपलब्ध असून तो फारसा कोणी करीत नाही. घाटावरच्या आणि कोकणातल्या वाड्यांतून बंद घरे पुष्कळ आहेत. मालक शहरात असतो आणि घरात दिवा लागावा, कौले शाकारली जावीत एवढीच त्याची अपेक्षा असते. जमीन घेण्यापूर्वी अशा घरात जूनपासून पुढल्या मेअखेरपर्यंत, एक पावसाळा आणि एक उन्हाळा पुरता, दोघांनी भाड्याने राहून पाहावे. त्या वर्षात विहिरीचा तळ दिसतो, वाट कोणाची ते कळते, भाऊबंदकीच्या कथा कानावर येतात आणि एखाद्या आजारपणात तालुक्याचा रस्ताही पायाखालून जातो. वर्षाचे भाडे खरेदीखताच्या मुद्रांक शुल्काहून बहुधा कमीच भरेल.