दोर का तुटतो, ते तिसरीत शिकवा

मी दहावी पास. गोदीत कंत्राटावर हमाली करतो. पाळी सुटली की कविता लिहितो. इंजिनियरिंगवर बोलायचा याला काय अधिकार, असं कुणी शहाणा विचारेल. अधिकार एवढाच, की इंजिनियरनं कागदावर ओढलेल्या रेघेखाली रोज मी उभा असतो. रेघ चुकली तर त्याचं खोडरबर झिजतं, आमचा माणूस झिजतो.

तीन वर्षांमागची गोष्ट. जहाजातून लोखंडी पट्ट्यांचा गठ्ठा निघत होता. गठ्ठा रुंद, स्लिंग आखूड. दोन्ही पाय पार पसरून बसलेले. मुकादम म्हणाला, उचला. उचलला. डोक्याच्या वर गेला आणि एक पाय तटकन तुटला. आमच्या टोळीतल्या एका गड्याचा हात गेला. उजवा. चौकशी झाली, कागद निघाला. कागदावर लिहिलं होतं: कामगाराचा निष्काळजीपणा. खाली आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या.

दोस्तांनो, त्यात माझीही सही आहे. भ्यालो होतो हे खरं. पण त्याहून खरं हे, की दोर का तुटला ते मला सांगताच येत नव्हतं. ‘वजन तर रोजचंच होतं’ याच्यापुढं माझं तोंड चालेना. कवितेत मी व्यवस्थेला उभीआडवी फाडतो. आणि तिथं एका फुटकळ कागदापुढं मुका झालो.

पुढं एका म्हाताऱ्या क्रेनवाल्यानं खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं समजावलं. एक टन माल दोन पायांच्या स्लिंगवर. पाय सरळ उभे असतील तर एकेकावर ५०० किलो. पाय तिरपे झाले, आडव्या रेघेशी ६० अंशाचा कोन झाला, तर एकेकावर ५७७. ४५ अंशाला ७०७. आणि ३० अंशाला पुरे १०००. म्हणजे माल तोच, दोर तोच, पण प्रत्येक पायावर अख्खा टन. निष्काळजी कोण होतं? ज्यानं आखूड स्लिंग दिला तो. पण हे कळलं तेव्हा कागद फायलीत गेला होता आणि गडी गावाला.

हे समजायला कॉलेज लागत नाही. दोन पोरं घ्या, एक दोर घ्या, मधोमध अर्धी बादली पाणी लटकवा. पोरं जवळ उभी राहिली तर बादली हलकी. एकेक पाऊल मागं सरका म्हणावं. चौथ्या पावलाला हात थरथरायला लागतात. दोर अगदी आडवा करा म्हटलं तर बापजन्मात होत नाही. साइन-कोसाइन नंतर शिकतील. हाताला आधी कळलं की डोक्याला नंतर सांगता येतं. हे तिसरीतल्या पोराला कळतं. मग ते मला विसाव्या वर्षीही ठाऊक का नव्हतं?

म्हणून माझं म्हणणं आहे: इंजिनियरिंग पहिलीपासून शिकवा. महापालिकेच्या शाळेत शिकवा. आधी तिथंच शिकवा.

आता विरोध. पहिला विरोध घरातूनच. आईला सांगितलं तर ती उसळली. ‘तुझ्या हातातला झाडू सुटावा म्हणून शाळेत घातलं तुला. आता शाळेतच पोरांच्या हातात हातोडी देणार व्हय रे?’ आईचं चुकत नाही. या देशात शाळेत हातकाम आलं की आपण सावध व्हायलाच पाहिजे. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी योजना आणली. प्राथमिक शाळा रोज तीन तास, उरलेल्या वेळात पोरानं घरचा धंदा शिकायचा. धोब्याच्या पोरानं धुवायचं, चांभाराच्या पोरानं शिवायचं. आणि वकिलाच्या पोरानं? त्याचा घरचा धंदा पुस्तकंच. पेरियारांनी रान उठवलं, राजाजी गेले, आणि १९५४ साली कामराजांनी योजना मोडीत काढली. २०२०च्या शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या पोरांसाठी दहा दिवस बिनदप्तराचे आहेत. सुतार, माळी, कुंभार यांच्याकडं जाऊन काम शिकायचं. चांगलं आहे. पण दहा दिवसांनी पोरगा परत वर्गात येतो. कुंभार चाकापाशीच राहतो. त्याच्या चाकाचं गणित त्याला कोण सांगणार?

तेव्हा फरक नीट ध्यानात घ्या. कारागिरी शिकवणं म्हणजे ‘असं कर’. इंजिनियरिंग शिकवणं म्हणजे ‘असं का?’ काय नडतंय ते ओळखायचं, उपाय काढायचा, करून बघायचा, मोडला तर का मोडला ते शोधायचं, परत करायचं. पहिल्यात पोरगं हुकुमाचं ताबेदार होतं. दुसऱ्यात ते हुकुमालाच जाब विचारतं. बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिलं, की जात नुसती कामं वाटत नाही, काम करणारी माणसं तोडून एकावर एक रचते. त्या रचनेत हात खाली आणि डोकं वर. हात आणि डोकं एकाच पोराच्या धडावर आणणं, हे माझ्या लेखी जात मोडायचं काम आहे. आये, मी हातोडी देत नाही. हातोडीचा हिशेब देतोय.

दुसरा विरोध शहाण्यांचा: एवढ्या लहान पोरांना झेपेल का? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं २००१ साली शालेय अभ्यासक्रमात इंजिनियरिंग घातलं. २००३ साली बोस्टनच्या विज्ञान संग्रहालयानं प्राथमिक शाळेसाठी त्याचे धडे करायला घेतले. तिथल्या पोरांना झेपतं आणि आमच्या पोरांना झेपत नाही? चहाच्या टपरीवर स्टोव्हची पिन काढणाऱ्या पोराला?

तिसरं म्हणजे सरकारी उत्तर. अटल टिंकरिंग लॅब. २०१६ पासून. शाळेमागं २० लाखांपर्यंत अनुदान, थ्रीडी प्रिंटर, रोबोटचे संच. २०२५च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी आणखी ५० हजार जाहीर झाल्या. येऊ द्या, नको कोण म्हणतं. पण ती सुरू होते सहावीपासून. तोवर आमचं पोरगं ‘आपल्याला नाय जमत’ हे पक्कं शिकलेलं असतं. आणि महागडं यंत्र आलं की कपाटाला कुलूप येतं. दोराला आणि बादलीला कुलूप लागत नाही.

शेवटची गोष्ट. प्रश्न कुणी निवडायचा? १९७५ साली आर्यभट्ट उपग्रह आकाशात गेला. हातानं मैला उचलण्यावर बंदीचा कायदा आला १९९३ साली. गटारात माणूस धोक्यात उतरवायचा नाही हा कायदा २०१३ साली. गटार साफ करणारं बँडिकूट यंत्र केरळच्या तरुण इंजिनियरांनी २०१८ साली उतरवलं. चंद्राकडं जाण्याइतकी अक्कल असलेल्या देशाला मॅनहोलमध्ये यंत्र उतरवायला एवढी वर्षं का लागली? अक्कल कमी नव्हती. ज्यांच्या घरचं कुणी गटारात उतरलं नाही, त्यांना तो प्रश्नच दिसला नाही. प्रश्न ज्याच्या दारात असतो त्याच्याच हाती पट्टी-पेन्सिल गेली पाहिजे. आमच्या वर्गातला पहिला धडा हाच ठेवा: माणूस न उतरवता गटार कसं साफ करायचं? पोरं चुकतील. चुकू द्या. मारकुटा मास्तर तेवढा नको.

सरकारची वाट बघत बसायचं कारण नाही. आता रविवारी वस्तीतल्या अभ्यासिकेत मी दोर आणि बादली घेऊन जातो. मागच्या खेपेला पोरांना अट घातली: दोघांनी लांबच उभं राहायचं, माल रुंद आहे, जवळ यायचं नाही. हात तर दुखतात. मग काय करायचं?

तिसरीतली एक पोरगी म्हणाली, ‘दादा, मग दोर लांब घ्या ना.’

एवढंच होतं. एवढंच त्या कागदावर लिहायला हवं होतं. मी तिथं सही केली. ती करणार नाही.